सांडशीच्या खुणा

नामदारांच्या आईची खोली दर शनिवारी आणि रविवारी सकाळी दहाला मी उघडते. किल्ली माझ्याकडे असते. स्मारकाच्या कार्यवाहांकडेही एक किल्ली आहे, पण तिनं ते कुलूप उघडत नाही. ती कुठल्यातरी कपाटाची असावी असा माझा अंदाज आहे, आणि तो मी त्यांना अजून सांगितलेला नाही.

नामदार म्हणजे इंग्रजी अमदानीत कौन्सिलात जाऊन बसणारे एक पुढारी. मुलींच्या शाळांसाठी बोलले, विधवांच्या बाजूनं बोलले, गोऱ्या साहेबांशी त्यांच्याच भाषेत हुज्जत घातली. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नामदारांबद्दल वाचायला लागतात, आणि मला त्यांच्या आईबद्दल सांगायचं आहे.

मी काही इतिहासाची बाई नाही. खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात एकतीस वर्षं काढली. आमच्याकडे गो-नो-गो म्हणून एक गेज असायचं. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. झालं, एवढंच. 'तसा बरा आहे', 'या वेळी चालवून घ्या' असली तिसरी उत्तरं तिथे नव्हती. निवृत्त होताना गेज परत केलं, सवय मात्र घरी घेऊन आले. सात वर्षांपूर्वी आमचे हे गेले, मुलगी बेंगळुरूला, आणि वारज्याच्या फ्लॅटमध्ये माझ्याशिवाय तपासायला काही उरलं नाही. म्हणून वर्तमानपत्रात 'स्मारकासाठी स्वयंसेवक हवेत' असं वाचलं तशी दुसऱ्याच दिवशी जाऊन उभी राहिले. कार्यवाह निवृत्त प्राध्यापक. त्यांनी विचारलं, "आपला विषय?" मी म्हटलं, "दोष काढणे." त्यांना वाटलं मी विनोद केला.

तेव्हापासून शनिवार-रविवार वारज्याहून बसनं स्वारगेट आणि तिथून पेठेपर्यंत चालत. स्मारकाचं घर दुमजली आहे, छान डागडुजी केलेलं, नव्या कौलांचं. पुढे दिवाणखाना. त्यात नामदारांची पगडी, त्यांची आरामखुर्ची, शिसवी टेबल आणि काचेखाली भाषणांची छापील पुस्तकं. त्यामागे ऐसपैस माजघर. माजघराच्या मागे एक खोली होती, तिच्यात सतरंज्या आणि मोडक्या खुर्च्या भरलेल्या असायच्या. मी लोकांना पगडी दाखवायचे, टेबल दाखवायचे, आणि माजघरातून परत फिरवायचे. दोन वर्षं मी हे बिनबोभाट केलं.

मग एकदा कॉलेजातली एक मुलगी आली. पाठीवर सॅक, कानात काहीतरी अडकवलेलं. मी सांगत होते की वडील लवकर गेले, आईनं वाढवलं वगैरे. तिनं कानातलं काढलं आणि विचारलं, "मग आई कुठे राहायची? म्हणजे तिची रूम कुठली?"

मला उत्तर येईना. उत्तर न येणं मला बिलकूल खपत नाही. ती मुलगी गेल्यावर मी तडक कार्यवाहांकडे गेले.

"मातोश्री ना?" ते म्हणाले. "त्या घरातच असायच्या."

"घरात कुठे?"

"अहो, घरात म्हणजे... घरात."

तर अशी सुरुवात झाली. मी दर आठवड्याला विचारत राहिले आणि शेवटी कंटाळून विश्वस्तांनी ठराव केला की मागची खोली मोकळी करून 'मातोश्रींची खोली' उभी करावी. माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. खोड काढणाऱ्याच्याच गळ्यात काम अडकवायची पुण्यातली रीत आहे आणि माझी त्याला हरकत नव्हती.

माहिती अशी काही नव्हतीच. फोटो नाही, सही नाही. नामदारांच्या छापील पत्रांत 'मातोश्रींची प्रकृती ठीक' इतपत उल्लेख. शोधत शोधत मी एरंडवण्यात नामदारांच्या पणतीपर्यंत पोचले. पणती म्हणजे सत्त्याऐंशी वर्षांच्या बाई, ताठ पाठीच्या, गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला आधी अर्धा तास बसवून माझीच तोंडी परीक्षा घेतली आणि मग कपाटातून एक लोखंडी सांडशी आणि एक वही काढून दिली. वही त्यांच्या आजीनं, म्हणजे नामदारांच्या मुलीनं, म्हातारपणी लिहिलेली. शाळेच्या दोनशे पानी वहीत, पेन्सिलीनं, लहानपणीच्या आठवणी. तीत सात पानं तिच्या आजीवर, म्हणजे नामदारांच्या आईवर होती. ती सात पानं मी इतक्यांदा वाचली आहेत की आता वहीची गरज लागत नाही.

नामदार चार वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. आईचं केशवपन झालं. त्यानंतर ती बाई आयुष्यभर लाल आलवणात, सोवळ्यात, एकवेळ जेवून राहिली. मुलगा मोठा झाला, घर बांधलं, मोठमोठी माणसं घरी यायला लागली. ही मागच्या खोलीत. स्वतःचा भात स्वतः शिजवायची, सगळ्या घराचं मेतकूट तिच्या हातचं असायचं, आणि दिवाणखान्यात ती फक्त तिथे कुणी नसताना जायची. मुलगा विधवांच्या बाजूनं सभा गाजवत होता. त्यानं आईला कितीदा विनवलं की आता हे पुरे कर, न्हाव्याला बोलावू नकोस. ती म्हणायची की सभेत काय बोलायचं ते त्यानं बघावं, तिच्या डोक्याचं ती बघेल.

पण मला ज्यानं जागेवर खिळवलं ते पुढचं आहे. कौन्सिलात भाषण असलं की आदल्या संध्याकाळी नामदार माजघरात येरझारा घालत ते मोठ्यानं म्हणून बघायचे. इंग्रजीत. आई आपल्या खोलीच्या दाराआड खाली बसून ऐकायची. तिला इंग्रजीचा ओ की ठो कळत नव्हता. तरी मुलगा घाईनं बोलायला लागला की ती हातातल्या सांडशीनं दाराच्या चौकटीवर टकटक करायची. म्हणजे सावकाश. मग नामदार थांबायचे, ते वाक्य पुन्हा हळू म्हणायचे. वहीत नातीनं लिहिलं आहे की आजीला म्हणे बरोबर कळायचं, बाबा ज्या वाक्याला भितात तेच भरभर म्हणतात.

ही वही मी कार्यवाहांना वाचायला दिली. ते म्हणाले, "सुंदर आहे. पण आठवणी त्या आठवणी. पुरावा नव्हे."

पुरावा म्हटल्यावर मी पेटले. खोली तोवर रंगवून झाली होती. रंगाऱ्यानं मोठ्या मायेनं सगळीकडे लांबी भरून वर ऑइलपेंटचे दोन हात दिले होते. मी चटई टाकून दाराच्या आतल्या बाजूला बसले, वहीत लिहिलं होतं तशी, पाठ चुलीच्या जागेकडे करून. उजवा हात जिथे सहज पोचला तिथे चौकटीवर बोटं फिरवली. रंगाखाली किंचित खोलगट लागत होतं. डोळ्यांना दिसलं नसतं, पण माझ्या बोटांनी एकतीस वर्षं हेच केलं आहे. सुरीनं रंग खरवडला, लांबी टोकरून काढली. जमिनीपासून सव्वा फुटावर सागवानात बारीक बारीक खळगे, एकात एक मिसळलेले, तळहाताएवढ्या जागेत दाटीनं. सांडशीचं टोक त्यांत ठेवून बघितलं. बसलं.

मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. माझ्या आधी त्या जागी बसलेल्या बाईची मला पहिल्यांदा ओळख झाली होती, आणि मला फार आनंद झाला होता. कार्यवाहांना बोलावलं. गुडघे धरत ते खाली वाकले, चष्मा वर केला आणि बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे झाकायचं नाही." माणूस वाईट नाहीच मुळी. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

गडबड झाली ती चित्रावरून. खोलीत मातोश्रींचं काहीतरी दर्शन हवं म्हणून विश्वस्तांनी एका चित्रकाराकडून तैलचित्र करवून घेतलं. मला न दाखवता. ते भिंतीवर लागलं आणि मी बघतच राहिले. नऊवारी हिरवं लुगडं, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू, खोप्यावर सोनफुलं. चेहऱ्यावर देवीच्या कॅलेंडरातलं हसू.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"मातोश्री," कार्यवाह म्हणाले.

"मातोश्रींना केस नव्हते."

"अहो, ते मला ठाऊक आहे. पण लहान मुलं येतात, शाळा येतात. आई म्हटलं की लोकांना भरलं कपाळ बघायचं असतं. शिवाय ज्यांनी विधवांसाठी एवढं केलं त्यांच्या घरात त्यांची आई... लोक भलतेच प्रश्न विचारतील."

"विचारू देत की. उत्तरं आहेत आपल्याकडे."

त्यांनी विषय बदलला. आणि बदलून जे काढलं ते त्याहून अचाट होतं. संक्रांत झाली होती, रथसप्तमी यायची होती. खोलीचं उद्घाटन हळदीकुंकवानं करायचं असं ठरलं होतं. कल्पना त्यांच्या पत्नींची, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. जी बाई नवरा गेल्यावर जन्मात कुणाच्या हळदीकुंकवाला गेली नाही, जिला कुणी बोलावलं नाही, जिची सावली अशा दिवशी समोर आलेली चालली नसती, तिच्या खोलीचं उद्घाटन हळदीकुंकवानं! ही चूक करायला पुणंच लागतं. सगळं कसं साग्रसंगीत, पत्रिका छापून, आणि कुणाच्याही मनात वावगं काही नाही.

वहिनींच्या मनात तर मुळीच नव्हतं. त्यांनी मला बाजूला घेतलं, माझा हात हातात घेतला आणि अगदी प्रेमानं म्हणाल्या, "तुम्ही इतकं केलंत खोलीसाठी. त्या दिवशी आत बसून वाणाचं बघाल ना? मेतकुटाच्या पुड्या, तिळगूळ. बाहेर कुंकू लावायचं आम्ही बघतो."

मला कळलं. 'आम्ही' या शब्दाशी त्या किंचित अडखळल्या होत्या, त्यांनाही कळलं असावं.

मी फटकळ आहे असं मला ओळखणारा कुणीही सांगेल. त्या वेळी मात्र मी "बघते" एवढंच म्हणाले. बसमध्ये बसल्यावर रागानं माझे कान तापले. स्वारगेट ते वारजे मी वहिनींना सुनवायची वाक्यं जुळवत होते, एकाहून एक धारदार. वारजे पुलाच्या अलीकडे ती संपली आणि खरं ते समोर आलं.

खरं असं की मी टिकली लावते. हे गेले त्याच्या चौथ्या दिवशीही लावली होती आणि नणंदेच्या डोळ्याला डोळा भिडवून लावली होती. बायका कौतुक करतात, धीराची आहे म्हणतात. पण आमच्या सोसायटीत दरवर्षी रथसप्तमीला खालच्या हॉलमध्ये हळदीकुंकू असतं. त्या संध्याकाळी साडेपाचला मी घराला कुलूप लावते आणि स्वारगेटच्या बसमध्ये चढते. काम काही नसतं. तिथे उतरते, चहा पिते, गर्दी बघते आणि आठच्या पुढे परत येते. सात वर्षं. मला कुणी नाही म्हटलेलं नाही. म्हणायची वेळच मी कुणावर येऊ दिलेली नाही. ज्या ठिकाणी नापास होण्याची शक्यता, तिथे मी भाग तपासायलाच ठेवला नव्हता. असं माझ्या हाताखालच्या कुणी केलं असतं तर मी त्याला जाब विचारला असता.

दुसऱ्या दिवशी मी कार्यवाहांकडे गेले आणि खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. म्हटलं, "चित्र काढा आणि भाषणात खरं ते सांगा, नाहीतर ही घ्या." त्यांनी किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शेवटी ते म्हणाले, "चित्र आताच उतरवता येणार नाही, विश्वस्तांचा ठराव आहे. पण भाषणात वाक्य घालतो. आपणच लिहून द्या." मी वाक्य लिहून दिलं आणि किल्ली परत उचलली. अर्ध्यावर मान्य करणं माझ्या रक्तात नाही. रात्रभर मला ते टोचत होतं. पण खोली सोडून जाण्याची छाती झाली नाही, कारण मी गेले असते तर चौकटीतले खळगे कुणी दाखवले असते?

उद्घाटनाचा दिवस रथसप्तमीच्या आधीचा रविवार, दुपारी चार. माजघरात खुर्च्या मांडलेल्या, पैठण्या, गजरे, अत्तरदाणी. पहिल्या रांगेत पणतीबाई, पांढऱ्या सुती साडीत, कपाळ मोकळं. त्या प्रमुख पाहुण्या. त्यांचे यजमान जाऊन चाळीस वर्षं झालीत हे मला माहीत होतं, वहिनींना विचारायचं सुचलं नव्हतं. खोलीच्या दाराला लाल फीत, दार अर्धवट लोटलेलं, आणि फितीच्या आत मी, मेतकुटाच्या पुड्यांच्या दोन टोपल्यांसह. वहीतल्या प्रमाणानं मीच केलेलं मेतकूट होतं ते. उभं राहून पाय भरून आले म्हणून मी खाली चटईवर बसले. कुठे, ते सांगायला नकोच. सांडशी मांडणीवर होती. ती हात लांबवून घेतली, का ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

कार्यवाह बोलायला उभे राहिले. बोलतात चांगलं. नामदारांचं बालपण, नामदारांची विद्वत्ता, माजघरातल्या तालमी, सांडशीची टकटक, सगळं रंगवून सांगितलं, बायका हसल्या. मग माझं वाक्य आलं. आणि त्यांचा आवाज एकदम खाली उतरला आणि गाडी भरधाव सुटली. कानावर पडलं ते असं काहीतरी होतं, "नामदारचारवर्षांचेअसतानावडीलगेले वगैरे, तर असो, या माउलीनं..."

माझा हात उठला. टकटक.

कार्यवाह थांबले. माजघरात कुजबुज. "काय पडलं?" कुणीतरी म्हणालं.

मी पुन्हा सांडशी चौकटीवर टेकवली, त्या खळग्यांत, दोनदा. सावकाश.

कार्यवाहांनी वही वाचलेली होती, त्यांना बरोबर कळलं. पाण्याचा पेला उचलल्याचा आवाज आला, ठेवल्याचा आला. मग ते बोलले, एकेक शब्द वेगळा: "नामदार चार वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले. त्यानंतर आयुष्यभर त्यांच्या आई विधवा म्हणून राहिल्या. केस काढलेल्या, आलवण नेसलेल्या, या मागच्या खोलीत. आत टांगलेलं चित्र त्यांचं नाही." शेवटचं वाक्य मी लिहून दिलेलं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं.

खुर्ची सरकली. पणतीबाई उठल्या होत्या. कात्रीचं तबक घेऊन कुणी पुढे येण्याआधी त्यांनी फीत हातानं वर उचलली आणि खालून वाकून आत आल्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या. मागोमाग वहिनी, हातात करंडा, कारण पहिलं कुंकू पाहुण्यांना लावायचं असं ठरलेलं. त्यांच्यामागे दारात बायकांची दाटी.

पणतीबाईंनी भिंतीकडे बघितलं. "ही बाई कोण?"

"चित्रकारानं कल्पनेनं..." कार्यवाह दारातून म्हणाले.

"आमच्यातली नाही," बाई म्हणाल्या.

वहिनींनी कुंकवात बोट बुडवलं, पुढे केलं, आणि मग त्यांचं लक्ष त्या मोकळ्या कपाळाकडे गेलं. बोट तसंच हवेत राहिलं. मी खालून बघत होते. ना पुढे, ना मागे. त्यांचा चेहरा गोरामोरा झाला. काही सुचेना तशा त्या चित्राकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आधी मातोश्रींना लावू या का?"

"तिला नको," पणतीबाई म्हणाल्या. आवाज वर्गात फळ्यावरचं गणित सांगावं तसा. "तिनं नकोच म्हटलं असतं, आणि वर पुन्हा आंघोळीला गेली असती. तिचं तिनं ठरवलं होतं. मला लावा. मला कुणी विचारलंच नव्हतं."

वहिनींनी बोट पुन्हा कुंकवात बुडवलं. त्यांनी ते पणतीबाईंच्या कपाळावर टेकवलं, थोडं वाकडं टेकलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या आईला मी कधी लावलं नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "चौदा वर्षं माझ्याचकडे होती." त्या दिवसापर्यंत मी वहिनींवर धरलेला राग तिथेच संपला. एवढ्या लवकर संपायला नको होता, पण संपला.

पणतीबाईंनी मग खाली बघितलं. मी सांडशी धरून बसलेलीच.

"आणि तुम्हाला कुणी नको म्हटलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मीच कुणाला विचारू दिलं नाही."

"किती वर्षं?"

"सात."

"एवढ्या हुशार बाई," त्या म्हणाल्या, "आणि सात वर्षं वाया."

वहिनी माझ्यापुढे चटईवर बसल्या. पैठणीसकट. करंडा पुढे धरून त्यांनी विचारलं, "लावू?" कुणी विचारलं की कसं वाटतं हे मी विसरले होते. मला रडू आलं, आणि एका हातात सांडशी, दुसऱ्यात पुड्यांची टोपली, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. मी म्हटलं, "लावा. टिकलीच्या खाली."

चित्र दुसऱ्या आठवड्यात उतरलं. विश्वस्तांनी नवा ठराव केला, त्यात कारण 'जागेअभावी' असं लिहिलं आहे. असू दे. भिंतीवर आता नुसता खिळा आहे. लोक विचारतात, फोटो नाही का? मी म्हणते नाही, इकडे या, खाली बसा. त्यांचं बोट धरून चौकटीवर ठेवते. मुलं तर सांडशी मागतात, ती मी देत नाही.

आता सोसायटीचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला थांबता यायचं नाही. रथसप्तमीच्या संध्याकाळी साडेपाचला मी सवयीनं पर्स घेतली आणि कुलूपही घेतलं. मग दोन्ही परत ठेवलं, साडी बदलली आणि खाली उतरले. जिन्यात दोनदा थांबले, खोटं कशाला सांगू. हॉलच्या दारात आमच्या मजल्यावरची नवी सून करंडा घेऊन उभी होती. आयटीत आहे, गोड मुलगी, जाता-येता हसते.

"अय्या, काकू, तुम्ही!" ती म्हणाली. "म्हणजे... ॲक्चुअली, या ना, प्लीज या." बोट कुंकवात बुडालं, वर आलं आणि मधेच थांबलं. तिनं घाईघाईनं मागे कुणी मोठं आहे का ते बघितलं. तिळगुळाचा डबा माझ्यापुढे केला आणि भरभर काहीतरी बोलायला लागली, पार्किंगबद्दल, पाण्याच्या टँकरबद्दल.

मी हात वर केला आणि दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं.

"सावकाश," मी म्हटलं. "मला काही घाई नाही. पण लावायचं की नाही, ते मला विचार."